नंदाच्या सहीचं क्रियापद

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीस वस्तीत, अकराव्या मजल्यावरून नंदाने एकदा खाली खेळणाऱ्या अवनीला जेवायला हाक मारली, तेव्हा रस्त्यापलीकडच्या स्टॉपवरून निघालेली बस थांबली आणि ड्रायव्हरने दार उघडलं. त्याला वाटलं, कुणी राहिलं मागे. समोरच्या ब्लॉकवरच्या साळुंक्या त्या हाकेने दोन दिवस पलीकडच्या बेडोकला राहायला गेल्या असंही शेजारणी सांगतात. साळुंक्यांचं सोडून द्या, पण बस थांबली हे खरं, कारण त्या बसमध्ये प्रबोध होता. बायकोच्या हाकेला थांबलेल्या बसमधून उतरायची लाज वाटून बिचारा पुढच्या स्टॉपला उतरला आणि उन्हातून चालत मागे आला.

हा आवाज नंदाने काही रियाज करून कमावला नव्हता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वडिलांची फाउंड्री होती. एकीकडे भट्टीचा ब्लोअर, दुसरीकडे शेजारच्या शेडमधला लेथ, आणि या सगळ्याच्या वरून आप्पांच्या कानापर्यंत डबा पोचवायचा. सात वर्षांची असल्यापासून ती फाटकाशी उभी राहून ओरडायची, "आप्पा, मी आलो." ओतायला घेतलेलं लोखंड ती हाक ऐकून क्षणभर थबकायचं आणि मगच साच्यात उतरायचं, असं तिथले जुने कामगार अजून शपथेवर सांगतात.

मी आलो. कोल्हापुरात बाई असंच बोलते. मी आलो, मी जेवलो, मी सांगतो, मी बघतो. नंदाची आई तशी बोलायची, आजी तशी बोलायची, आणि शाळेतल्या हेडबाईसुद्धा प्रार्थनेनंतर "मी आता सूचना देतो" म्हणायच्या. हे पुरुषांकडून उसनं घेतलंय असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मग लग्न होऊन ती पुण्यात कोथरूडला गेली. पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरून दूध घेऊन परतली आणि दारातून म्हणाली, "आई, मी आलो." आतून सासूबाई पदर सावरत लगबगीने बाहेर आल्या, कोण पुरुषमाणूस आला म्हणून. मग सगळे हसले. वाईट त्यात कुणीच नव्हतं. हसले, चहा झाला, आणि प्रबोधने उरलेल्या एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तिला तक्ता काढून दिला: कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. तो, ती, ते. नंदा धातुशास्त्राची पदविका घेतलेली बाई. तक्ता पाठ करायला तिला दहा मिनिटं लागली. त्यानंतर एकोणीस वर्षं ती आली, गेली, जेवली आणि दमली, एकदाही चुकली नाही. फक्त दारातून आल्याचं सांगणं तिने बंद केलं. किल्लीने दार उघडायचं आणि आत यायचं. तोंडच उघडलं नाही की लिंग चुकत नाही.

मात्र सिंगापूरला आल्यावर, प्रबोध ऑफिसात असताना, स्वयंपाकघरात कुकरच्या आवाजाआड तिची जुनी क्रियापदं हळूच बाहेर यायची. "थांब गं, मी बघतो." "मी नाही विसरलो, तूच विसरलीस." ऐकायला तिथे एकच माणूस असायचं, ओट्यावर पाय हलवत बसलेली अवनी. शाळेत तिला इंग्रजी, मैत्रिणींत सिंग्लिश, म्हणजे 'लाह' आणि 'कॅन-कॅनॉट'वर चालणारी तिथली इंग्रजी, आणि मराठी म्हणाल तर एवढीच, ओट्यावरची.

दोन हजार सहा साली अवनी सोळा वर्षांची झाली आणि तिने बँड काढला. तिघी जणी. अवनी गिटार वाजवायची आणि गायची. हुई मिन बेस वाजवायची, ती वर्षातून साधारण चार वाक्यं बोलायची. ड्रमवर नूरुल, डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधलेली, दिसायला साधी आणि हाताला वादळ. बँडचं नाव 'वेट फ्लोअर'. कारण विचारलं तर अवनी म्हणाली, "आई, आपली जाहिरात सगळ्या मॉलमध्ये आधीच लावलेली आहे. पिवळ्या बोर्डावर. फ्री."

तिची काळी गिटार आणायला मायलेकी दुकानात गेल्या होत्या तेव्हा विक्रेत्याने विचारलं होतं, भावासाठी का? भाऊ नाही म्हटल्यावर त्याने विचारलं, मग बॉयफ्रेंडसाठी? अवनीने ती गिटार तिथेच उचलली आणि असं काही वाजवलं की म्हणे भिंतीवरच्या बाकीच्या गिटारी आपोआप सुरात लागल्या. विक्रेत्याने मुकाट्याने पट्टा फुकट दिला. नंदाला त्या दिवशी आपल्या पोरीकडे जरा वेगळंच बघावंसं वाटलं, जसं तिच्या नोकरीच्या लॅबमध्ये, बांधकामाच्या सळया ओढून तपासताना, एखादी सळई मोडायचं नावच घेत नाही तेव्हा बघतात तसं.

बेडोककडच्या एका कम्युनिटी क्लबात शाळकरी बँडची स्पर्धा निघाली. अट अशी की दोन गाणी, त्यातलं एक कुणाच्या तरी मातृभाषेत. हुई मिन म्हणाली, मँडरिनमध्ये तिची आई तिच्यावर ओरडते, तिला त्यात गायचं नाही. हे तिचं त्या वर्षातलं दुसरं वाक्य. नूरुल म्हणाली, तिला मागे बसून नुसतं हाणायचंय. राहिली मराठी.

अवनीने गाणं दोन दिवसांत केलं. नंदा कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा तिला म्हणून दाखवलं:

मी आलो
पाणी नको, पंखा नको
खुर्ची दुसऱ्याला द्या
माझी वायर कुठं लावू तेवढं सांगा
मी आलो

"हे कुठून सुचलं गं?" नंदाने विचारलं.

"सगळे बँड बघ ना, आई. मुलगा येतो, मुलगी वाट बघते. मुलगा रस्त्यावर, मुलगी खिडकीत. एव्हरी साँग. आमच्या गाण्यात खिडकीच नाही."

"मग हवा कुठून यायची?"

"एअरकॉन, लाह."

नंदा हसली, पण हातातल्या टॉवेलची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली. ते 'आलो' तिने अवनीला शिकवलेलं नव्हतं. पोरीने ते ओट्यावरून उचललं होतं आणि थेट गाण्याच्या माथ्यावर नेऊन ठेवलं होतं. त्यातला शेवटचा 'ओ' ती आठ ठोके धरून ठेवायची. पहिल्यांदा धरला तेव्हा फ्रिजवरचे सगळे मॅग्नेट खाली आले.

अडचण फॉर्मने आणली. गाण्याचे शब्द, शेजारी इंग्रजी भाषांतर, आणि खाली ती भाषा येणाऱ्या मोठ्या माणसाची सही: मजकूर सभ्य आहे आणि भाषा अचूक आहे, असे मी प्रमाणित करतो. फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत क्लबात पोचला नाही तर बँड बाद. अवनीने तो साहजिकच बाबांपुढे ठेवला.

प्रबोधने पेन काढलं, चष्मा पुसला, वाचलं, आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"हे 'आलो' काय आहे?"

"आय हॅव अराइव्ह्ड," अवनी म्हणाली. "बाजूला लिहिलंय ना."

"इंग्रजीत बरोबर आहे. मराठीत तू मुलगी आहेस."

"मग?"

"मग 'आले'. मी आले. हे कुणी शिकवलं तुला?"

"नोबडी. असंच बोलतात."

"कोण बोलतात?"

अवनीने आईकडे पाहिलं. आईने कढईकडे पाहिलं.

"बाबा, आले इज जिंजर," अवनी म्हणाली.

"ते आलं. नपुंसकलिंगी. त्याचा इथे संबंध नाही."

"डिक्शनरीत आले असं लिहिलंय, मी चेक केलं. मी स्टेजवर जाऊन 'आय ॲम जिंजर' म्हणणार नाही. आणि 'ए' वर ओढून बघा तुम्ही. आलेऽऽ. गोट, लाह. बकरी वाटते."

प्रबोधने, तो न्यायी माणूस असल्यामुळे, खरंच ओढून पाहिलं. बकरी वाटली. पण म्हणून व्याकरण बदलत नाही.

प्रबोध दुष्ट नव्हता. तो अचूक होता. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत, परीक्षक खिडकीबाहेर बघत असताना आपलं चाक पांढऱ्या रेषेला लागलं हे त्याने परीक्षकाला सांगून स्वतःला नापास करून घेतलं होतं. असा माणूस 'भाषा अचूक आहे' या वाक्याखाली सही कशी करणार? त्याने तोडगा म्हणून तळटीप लिहिली, चौदा ओळींची, उदाहरणांसह. क्लबात फोन लावला. तिथल्या मिस चियांनी ती फोनवर पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अंकल, फूटनोट कॅनॉट. सिग्नेचर ओन्ली."

बुधवार गेला. अवनी बापाशी बोलेना, बाप जेवताना व्याकरणाखेरीज सगळ्यावर बोलला. नंदा दोघांना वाढत राहिली. हा भांडणाचा विषय आपल्याच तोंडातून निघालाय आणि आपणच त्यात गप्प आहोत, हे तिला घासागणिक टोचत होतं. पण काय म्हणणार? तक्ता तर बरोबरच होता.

गुरुवारी संध्याकाळी तिघी पोरी सरावानंतर घरी आल्या. साबुदाण्याची खिचडी चालली होती. प्रबोध ऑफिसातून आला तोच उजळलेल्या चेहऱ्याने.

"सापडलं," तो म्हणाला. बूटसुद्धा त्याने अर्धवट काढले. "आम्ही. 'मी'च्या ऐवजी 'आम्ही' करा. आम्ही आलो. अनेकवचनात प्रथमपुरुषी रूप दोन्ही लिंगांना सारखंच असतं. पुरुष असोत, बायका असोत, आम्ही आलो. तुम्ही तिघी आहात, म्हणजे अर्थानेही बरोबर. तुझा 'ओ' राहिला, माझी सही राहिली."

खरंच सुंदर तोडगा होता. अवनीने दोघींना इंग्रजीत सांगितल्यावर नूरुलने चमच्याने ताटलीवर ठोके धरून पाहिले. एक अक्षर जास्त होतं, पण कोंबता येत होतं. हुई मिनने मान हलवली. अवनीने खांदे उडवले. "ओके. व्हॉटएव्हर. कॅन."

प्रबोधने टोपण काढलं.

"नको," नंदा म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. हातात खिचडीचं पातेलं घेऊन ती टेबलाच्या कडेला उभी होती.

"नको म्हणजे?" प्रबोधने विचारलं.

"म्हणजे 'आम्ही' नको. 'आम्ही' मला चांगलं माहीत आहे. आम्ही सिंगापूरला आलो, म्हणजे तुम्हाला इथं नोकरी लागली. आम्ही ठरवलं, म्हणजे तुम्ही ठरवलं आणि मी डबे भरले. एकोणीस वर्षांत आम्ही पुष्कळ काही केलं, आणि चांगलं केलं, माझी तक्रार नाही. पण तिचं गाणं 'आम्ही'चं नाही. ती एकटी दारात उभी राहून सांगायलीय की मी आलो. एकच अक्षर आहे ते, ओ. तेवढं तिच्याकडं राहू दे."

"अगं, पण मग सही कोण—"

"आण गं तो कागद इकडं. सही मी करतो."

"करते," प्रबोधच्या तोंडून आपसूक निघालं.

"करतो," नंदा म्हणाली.

खिचडी वाफाळत राहिली. नूरुलला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण तिने चमचा अलगद खाली ठेवला.

"नंदा, भाषेची सही आहे ती," प्रबोध समजुतीने म्हणाला. "जाणकाराची हवी."

"मग? क्वीन्सटाउनच्या लॅबमध्ये रोज वीस सळया मशीनला लावून ओढतो, तोडतो, आणि खाली सही करतो. त्या सहीवर पूल उभे राहतात. तुम्ही रोज ज्या एमआरटी ट्रेननं जाता ना, तिच्या खांबात माझ्या सह्या आहेत. तिथं आजवर कुणी विचारलं नाही की तोडणारा होता का तोडणारी."

असं म्हणून ती बसली. आवाज ठणठणीत होता, पण पेन धरल्यावर तिला वाटलं, पूल वेगळा, हे वेगळं. फॉर्मवर तीन चौकटी होत्या: शिक्षक, जन्मापासून भाषा बोलणारे, इतर. दुसऱ्या चौकटीपाशी पेन अडलं. कोथरूडच्या त्या चहापासून तिला मनातून वाटत आलं होतं की मराठी आपण लग्नानंतर शिकलो, तक्त्यावरून. जन्मापासून बोलत होतो ती दुसरीच काहीतरी, घरगुती, बाहेर न न्यायची. अवनी तिच्या खांद्यावरून बघत होती. नंदाने दुसऱ्या चौकटीत खूण केली, लॅबमध्ये करते तशी, कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल इतकी जोरात. मग सही केली आणि खाली गावाचं नाव लिहिलं. गावाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी ती अर्धी सुट्टी टाकून स्वतः क्लबात गेली. पाचला वीस मिनिटं होती. मिस चिया छोट्याशा बाई होत्या, टेबलापेक्षा थोड्याच उंच, आणि त्यांच्याभोवती फॉर्मचे ढीग असे की त्यांना शोधायला आधी बेल वाजवावी लागायची. त्यांनी फॉर्म वर-खाली पाहिला.

"हजबंडने फोन केलेला ना? फूटनोट अंकल?"

"हो."

"त्यांची भाषा वेगळी, तुमची वेगळी?"

"एकच."

"मग ते सही का करत नाहीत?"

नंदाने सहीवर बोट ठेवलं. "ते पुस्तकातली बोलतात. मी जिथे बोलतात तिथली बोलतो."

मिस चियांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "माझी सासू पण चिनीबद्दल म्हणायची, माझं होक्कियन बाजारातलं," त्या म्हणाल्या आणि शिक्का असा मारला की शेजारचा ढीग कोसळला.

स्पर्धा पुढच्या शनिवारी दुपारी तीनला होती. बॅडमिंटनचा हॉल, जाळी गुंडाळून कडेला, खुर्च्यांच्या रांगा, आणि मागच्या भिंतीशी साउंडवाल्याचं टेबल. साउंडवाला रेमंड, बाहेरून भाड्याने आणलेला, पोनीटेलवाला. तिघी पोरी सामान घेऊन गेल्या तेव्हा त्याने विचारलं, "ट्यूनिंग करायला बॉयफ्रेंड येणार आहेत का?"

"बॉयफ्रेंड मीच," नूरुल म्हणाली. "कुठे बसू?"

आधी मुलांचे चार बँड झाले. नंदा प्रबोधच्या शेजारी पाचव्या रांगेत बसून, हातातल्या पत्रकातली भाषांतरं वाचत मोजत होती. चार बँडांच्या मिळून आठ गाण्यांत सहा मुली खिडकीत उभ्या होत्या, एक पावसात, आणि एक मेलेली. सगळ्या वाट बघत होत्या, मेलेलीसुद्धा. पोरं वाजवत बरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण आठ गाण्यांत एकीलाही बसायला कुणी सांगितलं नाही.

मग वेट फ्लोअर. पहिलं गाणं इंग्रजी होतं, ते ठीक गेलं. आवाज थोडा बारीक वाटला. दुसऱ्याला नूरुलने सुरुवात केली, आणि खुर्च्यांखालची फरशी अशी थरथरली की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या कवळीने ठेका धरला. हुई मिन पुतळ्यासारखी उभी, फक्त बोटं हलत होती, आणि त्या बोटांतून जे निघत होतं ते पोटात ऐकू येत होतं. अवनी माइकपाशी आली. पाय रोवले. तोंड उघडलं.

"मी आऽ—"

पुढचं गेलं. तोंड उघडं होतं, मानेची शीर ताणलेली दिसत होती, पण स्पीकरमधून येत होतं ते पाण्याखालून आल्यासारखं. मधला 'ल' गेला, 'ओ' तर पुरता गिळला गेला.

"आलो की आले, काही कळत नाहीये," प्रबोध कुजबुजला. मग सुटका झाल्यासारखा म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं."

नंदा उठली.

रांगेतल्या गुडघ्यांना ओलांडत ती मागे टेबलाशी गेली. रेमंडचा हात एका बटणावर होता, खाली ओढलेल्या.

"तुम्ही तिचा आवाज कमी केलाय," ती इंग्रजीत म्हणाली.

"आंटी, मुलींचा आवाज शार्प असतो. थोडा कापला. गोड वाटतो."

"मुलांचा कापला नव्हता."

"मुलांचा रॉक आवाज असतो ना, आंटी."

फाउंड्रीच्या फाटकात उभी राहणारी बाई इथे ओरडली असती. नंदा ओरडली नाही. ती लॅबमध्ये कंत्राटदारांशी बोलते तशी बोलली, हळू आणि सपाट, आणि त्या आवाजाला तिथले सहा-सहा फुटी मुकादम घाबरतात.

"त्या गाण्यावर माझी सही आहे. मी जे प्रमाणित केलं ते त्या स्पीकरमधून बाहेर येत नाहीये. मधे काहीतरी कापलं जातंय, आणि ते तुम्ही कापताय. चूक असेल तर ती माझ्या नावावर येऊ दे. पण पूर्ण येऊ दे."

"तुम्ही मॅनेजर का?"

"मी टेस्टिंग."

काय समजला कोण जाणे, पण रेमंडने बटण वर सारलं. मुलांच्या खुणेपर्यंत. नंदाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो आणखी एक खूण वर गेला.

स्टेजवर अवनीला आपला आवाज परत आल्याचं कळलं. तिने नूरुलकडे वळून दोन बोटं दाखवली. नूरुलने ठेका मोडला नाही, नुसता फिरवून पुन्हा सुरुवातीला आणून ठेवला, जसा भरधाव ट्रक एका हाताने वळवावा. अवनीने श्वास घेतला.

"मी आलोऽऽऽ"

आठ ठोके ठरले होते. अवनीने तो सोळा धरला. पुढच्याबद्दल ज्याने-त्याने आपापलं सांगितलं. कुणी म्हणतं गुंडाळलेली बॅडमिंटनची जाळी आपोआप उलगडली. कुणी म्हणतं बाहेरच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांतल्या, कोपीवाल्याच्या पेल्यात कॉफीच्या तळचं घट्ट दूध ढवळल्याशिवाय मिसळलं. मिस चिया आपल्या ढिगांतून उठून दारापर्यंत आल्या हे मात्र सगळ्यांनी पाहिलं, आणि त्या क्लबातल्या कुणालाही त्या उभ्या राहिल्या की किती उंच दिसतात हे त्याआधी माहीत नव्हतं.

नंदा टेबलाच्या कडेवर तळहात ठेवून उभी होती. हात अशासाठी की मशीन चालू असताना ती असाच ठेवते; कान फसतील, हात फसत नाही. गाणं तिच्या मनगटातून वर चढत होतं. पाणी नको, पंखा नको. समोर तिची मुलगी, घामाने केस कपाळाला चिकटलेले, एका बुटाची नाडी सुटलेली, कुणाकडेही परवानगीच्या नजरेने न बघणारी. मागे नूरुल, रुमालाची एक घडी न विस्कटू देता सगळं जग विस्कटून टाकणारी. आणि हुई मिन, जी शेवटच्या कडव्याला माइकपाशी आली आणि अवनीच्या सुरात सूर मिसळून तेच दोन शब्द म्हणाली, कोल्हापूरच्या कुठल्याही बाईला आपले वाटावेत असे. ते तिचं त्या वर्षातलं तिसरं वाक्य.

त्यांना तिसरा नंबर मिळाला. परीक्षक प्रमाणपत्र देताना माइकवर म्हणाले, "मुलींच्या मानाने फारच दमदार."

अवनीने माइक घेतला. "थँक्यू. मुलांच्या मानाने ते चार बँडही वाईट नव्हते," ती म्हणाली. हॉल हसला. परीक्षकही हसले, जरा उशिरा.

बाहेर पडताना मराठी ओळखीतल्या स्मिताताई भेटल्या, बेडोकलाच राहणाऱ्या. "छान झालं हो," त्या प्रबोधला म्हणाल्या. "फक्त एक बारीकशी चूक राहिली बघा. 'आलो' म्हणाली ना ती?"

नंदाचा पाय थांबला.

"तुम्हाला स्पष्ट ऐकू आलं?" प्रबोधने विचारलं.

"अगदी स्वच्छ."

"मग चूक नाही. प्रमाणित आहे ते," प्रबोध म्हणाला. "क्लबाच्या फायलीत शिक्क्यासकट आहे. तिसरं पान."

बेडोकहून एमआरटीत बसायला दोनच जागा मिळाल्या. एकीवर अवनी बसताक्षणी झोपली, तोंड उघडं टाकून, सोळा ठोक्यांची वसुली करत. दुसरीवर प्रबोध, मांडीवर गिटारची पेटी आणि त्या पेटीवर उघडलेली छोटी वही. नंदा दांड्याला धरून उभी.

"एक विचारू?" तो म्हणाला. "कोल्हापुरात बायका 'मी होतो' पण म्हणतात? 'मी विसरलो'? 'मी घाबरलो'?"

"म्हणतात की."

"आणि 'मी चिडलो'?"

"ते तर रोज."

"म्हणजे सगळ्याच अकर्मकांना लागू आहे. मला वाटलं दोन-तीनच रूपं असतील." तो लिहीत होता. "मग भविष्यकाळात काय करतात? मी येईन की—"

"अहो, ते उद्या विचारा," नंदा म्हणाली. "आता मी दमलो."

प्रबोधचं तोंड सवयीने उघडलं. टॅम्पिनीसला अजून तीन स्टेशनं होती. त्याने वही मिटली, गिटारची पेटी उचलून उभा राहिला, आणि म्हणाला, "मग बस ना इथे."

नंदा बसली आणि तिने चपला काढून पाय सरळ लांब केले.